शेंगांच्या फोलपटांची नदी

आमच्या घरात शेंगा फोडल्या गेल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. मामांच्या शेतातून पोती यायची, मागच्या अंगणात भिंतीला लावून ठेवायची, आणि सकाळची कामं उरकली की आमची अव्वा, म्हणजे माझी आई, पोत्याशेजारी बसकण मारायची. बोटांनी शेंग फुटल्याचा कटकट आवाज, मग दाणे भाजल्याचा वास, मग दुपारी उखळात चटणी कुटायचा धप धप. लसूण, तिखट, जिरं, मीठ आणि दाणे, तेल सुटेस्तोवर कुटायचे. मिक्सरमधली चटणी अव्वाला पटायची नाही. ‘ती चटणी नव्हं, भुकटी,’ म्हणायची. ह्या सगळ्याला शेजारच्या पद्मक्कांच्या यंत्रमागाची खटखट साथीला असे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाहुणे म्हणायचे, तुम्हाला ह्या आवाजात झोप कशी लागते? आम्हाला उलट माग बंद असला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणायचे, ‘सोलापुरात भाकरी कडक, ऊन कडक आणि आमच्या घरात मास्तरीणबाई कडक.’ मास्तरीणबाई म्हणजे अव्वा, जी चौथीपर्यंतच शिकलेली होती. फोडलेल्या शेंगांची फोलपटं बंबात जायची, त्यावर सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापायचं. ह्या फोलपटांचं नाव मी पुढं काढणार होते, पण तेव्हा कुणाला ठाऊक?

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात एकटी मुलगी. लोकांना वाटतं की मी त्यामुळं बुजून राहत असेन. अजिबात नाही. ‘मला येत नाही’ हे वाक्य त्या वयात मी उच्चारल्याचं कुणालाच आठवत नाही, मला तर नाहीच नाही. अव्वा म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही आणि पायाला ब्रेक नाही. खरं सांगायचं तर आजही फारसा फरक पडलेला नाही, फक्त गुडघे आता ब्रेकचं काम करतात.

मामांचं गाव सीना नदीच्या काठी, शहरापासून दक्षिणेला, जिथं निम्मं गाव कन्नड बोलतं आणि निम्मं मराठी, आणि भांडताना सगळेच दोन्ही बोलतात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं तिला येळामावस म्हणतात, आम्ही सगळे शेतात जेवायला जायचो. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पूजा मांडायची, मग सगळ्या भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील. त्या वर्षी पंगत बसली, दुसऱ्यांदा भज्जी वाढून झाली, आणि मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की गावाच्या पाणी सोसायटीची जॅकवेल आपल्या शेताच्या कडेला होणार. जॅकवेल म्हणजे नदीकाठची खोल विहीर. नदीचं पाणी पाइपानं तिच्यात घ्यायचं आणि पंपानं वर माळावर चढवायचं. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, माळावर पाणी आलं पाहिजे असं म्हणत म्हणत गेले. मामांनी जागा फुकट दिली होती. फक्त एक अट घातली होती, विहिरीवर आजोबांच्या नावाचा दगड बसवायचा. बोलता बोलता मामांचे डोळे भरून आले. अव्वानं पदर डोळ्याला लावला.

आणि मी आंबिलीचा पेला खाली ठेवून म्हणाले, ‘मामा, जागा चुकली.’

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू वर्गात कुणी शिट्टी मारली असावी. मामा मात्र हसले. ‘बरं. पुस्तकात काय लिवलंय ते सांग तर खरं.’

मी हात पुसून काडीनं मातीत नदी काढली. मामांच्या शेताशी नदी मोठं वळण घेते आणि आपलं शेत त्या वळणाच्या आतल्या अंगाला येतं. वळणात वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, तिथं खोल जातं, आणि तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडं सरकतं. म्हणून बाहेर डोह आणि आत वाळूचा पट्टा. ‘तुमची जॅकवेल वाळूच्या पट्ट्यात येतेय. दर पुराला पाइपाच्या तोंडावर वाळू बसणार. दोन वर्षांत विहीर गाडली जाईल.’

‘अगं, वाळू हाय म्हणूनच पाणी हाय की,’ मामा म्हणाले. ‘दोन हात उकर, झिरा लागतोय. माझं आक्खं आयुष्य गेलंय ह्या वाळूत.’

‘झिऱ्यावर घागर भरते मामा, गावाचा माळ भिजत नाही. करून दाखवते.’

‘दाव की. अक्षयतृतीयेला नारळ फुटणार हाय, त्याच्या आत दाव.’ मामांच्या आवाजात हसू होतं, पण थोडं कमी झालं होतं. सोसायटीला मंजुरी एकदाच मिळाली होती. विहीर फसली तर दुसरी मिळणार नव्हती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि जागा बदलली तर आजोबांचा दगड जाणार, हेही.

अंगणात छोटी सीना बांधून दाखवते म्हटल्यावर कॉलेजात आमचे सर म्हणाले, ‘प्रोजेक्टला पाण्याच्या टाकीचं डिझाइन घे. अंगणात नदी होत नसते.’ मी म्हटलं, ‘सर, कॉलेजात तरी कुठं होते? इथं नळालासुद्धा पाणी नाही.’ सर बिचारे भले होते. त्यांनी लेव्हलिंगचं यंत्र आठवडाभर वापरायला दिलं आणि ‘पाण्यात पाडू नकोस’ एवढंच म्हणाले. मी आणि अप्पा पौषातल्या कोवळ्या उन्हात सीनेत उतरलो. अप्पा धोतर खोचून एका काठावर, मी साडी खोचून दुसऱ्या काठावर, मधे गाठी मारलेला दोर, आणि दर गाठीला बांबू बुडवून खोली मोजायची. मामांच्या वळणापासून ते खालच्या वळणापर्यंत. खाली नदी उलट्या बाजूला वळते, त्यामुळं तिथं आपल्या गावाचा काठ बाहेरच्या अंगाला येतो. गावातली माणसं काठावर उभी राहून बघायची आणि विचारायची, ‘मास्तर, नदीला झंपर शिवायचंय काय?’

वाळूत बसून कलिंगडाच्या बिया लावणारी एक बाई तेवढी हसली नाही. ती कोंडाबाई. पाणी ओसरलं की ती दरवर्षी नदीच्या वाळूत खड्डे घेऊन, तळाशी शेणखत घालून कलिंगडं लावायची. तिची स्वतःची जमीन नव्हती. नदी ज्या वर्षी जिथं वाळू टाकेल ते तिचं शेत. तिनं मला विचारलं, ‘कशाला मोजताय बाई? ती उद्या अशीच ऱ्हाणार न्हाय.’ मी तिला दोन मिनिटं वळणाचं शास्त्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा बिया लावायला लागली. मला वाटलं, बिचारीला कळलं नाही.

मग आमच्या अंगणात नदी बांधायला सुरुवात झाली. खरी गोम अशी की नदी सगळ्या बाजूंनी सारखीच लहान केली तर पाणी पापडाएवढं पातळ होतं आणि ते नदीसारखं वागतच नाही, नुसतं झिरपतं. म्हणून लांबी-रुंदी खूप लहान करायची आणि खोली त्यामानानं कमी लहान. तेही केलं तरी खरी वाळू अशा छोट्या पाण्यात जागची हलत नाही, जड पडते. वाळूच्या जागी काहीतरी हलकं हवं. पुस्तकात कोळशाची भुकटी लिहिली होती, लाकडाचा भुसा लिहिला होता. मी अंगणात बसून विचार करत होते आणि समोर अव्वा शेंगा फोडत होती. माझं लक्ष फोलपटांच्या ढिगावर गेलं आणि मी इतक्या जोरात ओरडले की पद्मक्का माग बंद करून भिंतीवरून डोकावल्या.

फोलपटांची भुकटी दळून हवी होती, पण पीठगिरणीवाल्यानं पोतं बघून मला दारातूनच परतवलं. मिरची कांडपवाला तयार झाला. त्यात माझी अक्कल अशी की त्याच्या यंत्रात आधी काय कांडलं होतं ते विचारलंच नाही. घरी आणून मी भुकटी चाळायला घेतली आणि पाच मिनिटांत सगळं घर शिंकायला लागलं. अप्पा शिंकत शिंकत रस्त्यावर गेले. पद्मक्का तेलुगूत काहीतरी बोलल्या, ते बरं नसावं. पुढं पंधरा दिवस त्या नदीत हात घातला की हात चुरचुरायचे. जगात तिखट नदी आमच्याकडंच वाहिली असेल.

दुसरी फजिती अशी की भुकटी पाण्यात बुडेना. वर तरंगत राहिली, साय धरल्यासारखी. मी डोक्याला हात लावून बसले. अव्वा म्हणाली, ‘कोरडे पोहे तरी पहिल्या घटकेला तळाशी बसत्यात का? भिजत घाल की.’ तिनं पातेल्यात भुकटी उकळली, दोन दिवस भिजवली, आणि ती शहाण्यासारखी तळाला बसली. चाळायला अव्वाच्या रव्याच्या आणि पिठाच्या चाळण्या गेल्या. पंप म्हणून मी अप्पांच्या कूलरमधला पंप काढला. एक ड्रम वर, एक ड्रम खाली, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं, कारण आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि त्यात नदी भरायची म्हटलं तर भांडी कशानं घासणार? तर हिशेब असा, की बंबातली फोलपटं नदीत गेली म्हणून अप्पांना सकाळी गार पाण्यानं आंघोळ, आणि पंप नदीला लागला म्हणून दुपारी वहीनं वारा. चैत्रातलं सोलापूर काय असतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. अप्पा एकदासुद्धा कुरकुरले नाहीत. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, ‘आज नदी काय म्हणते?’

काठ आमच्या ओळखीच्या गवंड्यानं बांधले. सिमेंटचे, घोटून घोटून गुळगुळीत, माझ्या नकाशाबरहुकूम. मी तेव्हा त्या काठांवरून हात फिरवायचे आणि छाती फुगायची. पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी माग मुद्दाम बंद ठेवायला सांगितला होता, कारण मागाच्या हादऱ्यानं भुकटी पाण्याशिवायच सरकायची. पंप सुरू केला. पाणी वळणात शिरलं, आणि तासाभरात माझ्या डोळ्यांदेखत आतल्या काठाला तपकिरी पट्टा चढायला लागला आणि बाहेर तळ उघडा पडला. अव्वा शेजारी उभी होती. ती म्हणाली, ‘हे तर मी रोज करते. तीळ रोळताना पातेल्यात पाणी फिरवलं की खडे मधे येऊन बसतात. बाहेर जात नाहीत.’ वळणातलं पाणी तळाशी आत ओढतं हे समजायला मला चार वर्षं आणि तीन पुस्तकं लागली होती, आणि तिला एक पातेलं.

मी निकाल जाहीर करून टाकला. जॅकवेल खालच्या वळणावर, आपल्या काठाच्या ऐन मध्यावर, जिथं डोह सगळ्यात खोल. वहीत तांबड्या शाईनं गोल केला. मामांना पत्र टाकलं, सोसायटीच्या लोकांना घेऊन या म्हणून.

त्याच आठवड्यात मंगळवारच्या बाजाराला कलिंगडं घेऊन कोंडाबाई शहरात आली. मामांनी तिच्याबरोबर शेंगांचं एक लहान पोतं पाठवलं होतं. अव्वानं तिला चहा दिला. ती बशी हातात घेऊन नदीच्या कडेला उकिडवी बसली. पाणी चालू होतं. बराच वेळ बघून म्हणाली, ‘अगदी सीनाच हाय की गं! माझी कलिंगडं हितं असत्यात,’ आणि वाळूच्या पट्ट्यावर बरोबर बोट ठेवलं. मी खूश. मग मी तिला माझा तांबडा गोल दाखवला. जॅकवेल इथं.

कोंडाबाईनं चहाचा घोट घेतला. खालच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. ‘ताय,’ ती म्हणाली, ‘तुज्या नदीला कड पडत न्हाय व्हय?’

‘म्हणजे?’

‘आमच्या हितं दर पावसाळ्यात कड पडती की. धाडदिशी. मागल्या साली बाभळीसकट गेली. काळी माती हाय तितं, लोण्यावानी कापती. तुजी कड तर दगडाची केलीस.’

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? मी तिला सांगायला तोंड उघडलं की हे असंच करतात, पुस्तकात काठ पक्काच धरतात, आणि तोंड उघडंच राहिलं. कारण पुस्तकातली नदी कालव्यासारखी होती आणि सीना कालवा नव्हती. मी गावची विहीर वाळूत गाडली जाण्यापासून वाचवत होते आणि जॅकवेल सरळ पडत्या कडेवर नेऊन ठेवत होते. एका पुरात विहिरीसकट पंपघर नदीत गेलं असतं, आणि ते माझ्या तांबड्या शाईमुळं.

पुढं चाळीस वर्षं मी हेच काम केलं. फोलपटांच्या जागी संगणक आले, मग आणखी मोठे संगणक आले. आता पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन एका दुपारात आख्खी भीमा वाहवून दाखवतात, रंगीत चित्रांसकट, आणि छान करतात, मला कौतुकच आहे. पण माझ्याकडं कुणीही नदी घेऊन आलं की मी पहिला प्रश्न तोच विचारते. तुझ्या नदीला कड पडते का? निम्मी पोरं गोंधळतात. मग मी त्यांना चहा देते आणि पुन्हा बसायला सांगते.

त्या दिवशी मी कोंडाबाईला जाऊ दिलं नाही. अव्वानं तिला जेवायला वाढलं आणि मी तिच्यासमोर वही घेऊन बसले. कड कुठं पडते, कुठं पडत नाही, कुठल्या साली कुठं डोह होता. तिला नदीची तीस-एक वर्षं तोंडपाठ होती, कारण तिचं शेतच त्यावर ठरायचं. ती म्हणाली, खालच्या वळणाच्या मध्याच्या जरा पुढं, जिथं बाया धुणं धुतात, तिथं खडक आहे. ‘तितली कड माझ्या लग्नापास्नं हाय तितंच हाय. आन् पाणी बी चैतात ऱ्हातंय, न्हाय तर धुणं कशात धुतील?’ मी सिमेंटचे काठ हातोडीनं फोडले. गवंडी बघून गेला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मामांच्या गावची काळी माती पोत्यातून आणवली, ती चोपून काठ केले, आणि धुण्याच्या जागी खडक म्हणून पाट्याचा तुटका तुकडा बसवला. पाणी सोडलं. तासाभरात वळणाच्या मध्यावरची कड, माझ्या तांबड्या गोलासकट, धपकन पाण्यात पडली. पाट्याच्या तुकड्याशी मात्र पाणी खोल राहिलं आणि काठ जागचा हलला नाही. मी पुन्हा केलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

अक्षयतृतीयेच्या आधीच्या रविवारी मामा आले, बरोबर सोसायटीचे चौघं. अव्वानं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती, भावासाठी खास, वर तूप सोडून. मामा नदीभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी स्वतःचं शेत ओळखलं, खोपीची जागा ओळखली, आणि हसले. मग खिशातून पानाची चंची काढली, त्यातली एक सुपारी घेतली, कपाळाला लावली आणि माझ्या नदीत स्वतःच्या शेताच्या कडेला नीट ठेवली. ‘ही आपली विहीर. आता सोड पाणी.’

मला त्या क्षणी पंप लावायला नको वाटलं. आयुष्यात फार वेळा मला असं वाटलेलं नाही. पण सगळं गाव त्या विहिरीवर आशा लावून बसलं होतं. मी बटण दाबलं. सगळे उकिडवे बसून बघत होते. आधी सुपारीच्या पायथ्याशी भुकटीची एक रेघ आली. मग ती निम्मी बुडाली. एक जण म्हणाला, ‘अरारारा.’ मामांनी त्याच्याकडं बघितलं नाही. अर्ध्या तासात सुपारीचा वरचा ठिपका तेवढा दिसत होता, आणि मग तोही दिसेनासा झाला. खाली पाट्याच्या तुकड्याशी पाणी खोल, स्वच्छ वाहत होतं. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

मामा उठले. धोतर झटकलं. चौघांना म्हणाले, ‘धुण्याच्या खडकावर नारळ फोडा. माझी हरकत न्हाय.’ मग टोपी घातली आणि दाराकडं निघाले.

‘ऊटा माडि होगो,’ अव्वा स्वयंपाकघरातून धावत आली. जेवून जा. दोघं एकमेकांशी कन्नडच बोलायचे.

‘बेडा, अक्का,’ मामा म्हणाले. नको. आणि गेले.

त्या दुपारी अव्वानं कुणालाच वाढलं नाही. हुग्गीचं पातेलं झाकून ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘तुझी नदी खरी असेल. मी नाही म्हणत नाही. पण माझा भाऊ ह्या घरातून उपाशी गेला.’ मी म्हटलं, ‘मग काय गाव बुडवायचं होतं?’ ती म्हणाली, ‘चारचौघांत दाखवायला पाहिजे होतं का? आधी एकट्याला बोलवून दाखवता येत नव्हतं?’ खरंच सुचलं नव्हतं मला. बरोबर असण्याच्या घाईत मला ते सुचलंच नव्हतं. मी परीक्षेत पहिली आले, सरांनी पाठ थोपटली, आणि घरात पेढे वाटताना अव्वानं मामांच्या वाटणीचा पेढा वेगळा काढून ठेवला, तो वाळून गेला.

जॅकवेल खडकावर झाली. आजोबांचा दगड बसला नाही, कारण मामांनी पुन्हा विषयच काढला नाही. त्या भादव्यात सीनेला मोठा पूर आला. एसटी बंद झाली, दोन दिवस काही कळेना, आणि मी दोन्ही दिवस जेवले नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथं सांगते. तिसऱ्या दिवशी अप्पा शाळेतून बातमी घेऊन आले की विहीर शाबूत आहे. पुढं माळावर पहिल्यांदा पाणी चढलं. त्या वर्षीच्या येळामावसेला आम्हाला बोलावणं आलं नाही. अव्वानं घरीच भज्जी केली आणि कुणीच नीट जेवलं नाही.

फाल्गुनात एका सकाळी दारात बैलगाडीएवढा आवाज झाला. मामा रिक्षातून उतरत होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांत मिळून एक कलिंगड होतं, एवढं मोठं की रिक्षावाला दुसऱ्या बाजूनं धरत होता. त्यांनी ते अंगणात आणून ठेवलं, नेमकं तिथं, जिथं माझ्या नदीचं वळण होतं. तिथं आता अव्वाची पोती होती. कलिंगडाला ओली वाळू चिकटलेली होती. मामा घाम पुसत खाटेवर बसले. माझ्याकडं बघेनात.

‘छातीएवढी वाळू बसली,’ शेवटी म्हणाले. ‘माझ्या सुपारीवर. पाइप, विहीर, बापाचा दगड, समदं गाडलं असतं.’ मग म्हणाले, ‘कोंडाबाई म्हणली, एवढी वाळू पडलीया तर कलिंगडं लाव की. तिनंच शिकवलं. अर्धी तिची, अर्धी माझी. ह्यो पयला तोडा. येल सुपारीच्या जागंवरचाच हाय.’

मी म्हटलं, ‘मामा, मी चारचौघांत तुम्हाला—’

‘गप,’ मामा म्हणाले. ‘अक्का, ऊटा.’

अव्वा आत गेली, आणि मला भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. तिनं हुग्गी करायला घेतली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि ती होईपर्यंत मामा खाटेवरून हलले नाहीत. पद्मक्कांनी माग बंद केला, त्याही कलिंगड खायला आल्या. अप्पांनी ते कापलं. मामा हुग्गीचं दुसरं ताट संपवून हात धुऊन आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि काडीनं मातीत नदी काढायला लागले, मी येळामावसेला काढली होती तशी. मामांचं वळण, खालचं वळण, धुण्याचा खडक.

‘आता सांग,’ म्हणाले. ‘औंदाच्या पावसाळ्यात वाळू कुटं पडंल? पुढल्या साली येल कुटं लावू?’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. उत्तर मला येत होतं. अगदी जिभेवर होतं. मी काडी हातात घेतली आणि मामांच्या नदीवर धरली, आणि म्हणाले, ‘थांबा मामा. आधी कोंडाबाईला विचारते.’